मारवा, मेटल आणि वसंतराव

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. आमच्या विदर्भात कुठल्याही इंग्लिश मीडियमच्या शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, पण माझी खरोखरची सिस्टर लोकांची होती. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या ज्या चुका मॅडमच्या लाल पेनातून सुटल्या असतील त्या माझ्या समजाव्यात.

तर विषय गाण्याचा. हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर माझ्या गाण्यांना एक नाव पडलंय... मिक्सर! रात्री अकरानंतर हेडफोन नीट बसला नाही आणि थोडासा आवाज बाहेर आला, की रूममेट उशी फेकून मारते. चूक तिची नाही. मी जे ऐकते ते टेक्निकल डेथ मेटल. त्यातही जिथे सूर एकमेकांना चिकटत नाहीत, ताल दर दोन ओळींनी कूस बदलतो, आणि कोरस येईल येईल म्हणून वाट पाहावी तर तो येतच नाही, तसलं. कॅनडाच्या क्युबेकमधल्या गॉरगट्स या बँडचा ‘ऑब्स्क्युरा’ नावाचा १९९८ चा अल्बम आहे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मलाही वाटलं की फाइल करप्ट झाली आहे. तिसऱ्यांदा ऐकताना एका ठिकाणी कान अडकला. सातव्यांदा मी बसमध्ये एकटीच मान हलवत होते आणि शेजारच्या काकू सरकून बसल्या होत्या.

हे असलं का आवडतं? हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की त्याचं उत्तर मी शोधायला लागले. आणि उत्तर सापडलं (निदान अर्धं तरी) ते आमच्या सोनाळ्याच्या घरात, आबाजींच्या कॅसेटच्या खोक्यात.

सोनाळा कुठे आहे हे इथे कोणाला माहीत नसतं. बुलढाणा जिल्हा, संग्रामपूर तालुका, सातपुड्याच्या पायथ्याशी. रेल्वेने यायचं तर शेगावला उतरा आणि पुढे एसटी. आबाजी म्हणजे माझे आजोबा. संध्याकाळी धाब्यावर सतरंजी टाकून, टेपमध्ये सेल घालून (कारण लाईन असेलच असं नाही) ते एकच कॅसेट लावायचे. आजी खालून ओरडायची की दिवेलागणीला हे रडगाणं बंद करा. लहानपणी मी आजीच्या पार्टीत होते. त्या गाण्यात काहीतरी टोचायचं. सूर कुठेच टेकायचे नाहीत. कॅसेटवर शाईने लिहिलं होतं: मारवा, वसंतराव देशपांडे.

वसंतराव म्हटलं की आपल्या पिढीला ‘कट्यार’ आठवते, आणि तीही २०१५ चा सिनेमा! त्यात खाँसाहेबांसाठी गायलेत ते राहुल देशपांडे, वसंतरावांचे नातू. ‘मी वसंतराव’ (२०२२) मध्ये तर त्यांनी आजोबांची भूमिकाच केली आणि त्यातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. पण मूळ माणूस १९८३ मध्येच गेला. आणि तो आपल्याकडचा होता हे मला कॉलेजला येईपर्यंत माहीत नव्हतं. शेगावहून नागपूरच्या गाडीत बसलं की अकोला जातं आणि मग मूर्तिजापूर येतं, जिथून नॅरोगेजची शकुंतला सुटायची. त्या मूर्तिजापूरला २ मे १९२० रोजी वसंतरावांचा जन्म झाला.

वाढले मात्र नागपुरात. आई राधाबाईंनी त्यांना एकटीने वाढवलं. १९२० च्या दशकात नवऱ्याचं घर मागे ठेवून, लहान पोराला घेऊन, नागपूरसारख्या शहरात कष्ट करून उभं राहायचं म्हणजे काय असेल, हे मी फक्त कल्पनेनेच समजू शकते. आईने पोराचा गळा ओळखला आणि त्याला शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकायला पाठवलं. सप्रे गुरुजींची तालीम ग्वाल्हेर वळणाची, म्हणजे सरळ, स्वच्छ, पाया पक्का करणारी. पुढे सी. रामचंद्र म्हणून हिंदी सिनेमात गाजलेले रामचंद्र चितळकरही याच गुरुजींकडचे. एका नागपुरी गाण्याच्या वर्गातून एवढे दोघे निघाले! नंतर भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’ (१९३५) या चित्रपटात पोराने कृष्णाची भूमिकाही केली. आता हा मुलगा स्टार होणार असं कोणालाही वाटलं असतं. तसं काही झालं नाही, आणि पुढची तीस वर्षंही झालं नाही.

मधे लाहोर आलं. फाळणीच्या आधीचं लाहोर, मोठमोठ्या उस्तादांचं गाव. मामाबरोबर तरुण वसंतराव तिकडे गेले आणि उस्ताद असद अली खाँ यांच्याकडे शिकायला बसले. काही महिने तिथे काय शिकले? एकच राग. मारवा! आपल्याला एका सेमिस्टरला पाच विषय, प्रत्येक विषयाची सहा युनिट्स, आणि तरी शेवटी काही येत नाही. इथे काही महिने फक्त सहा सूर.

सहाच, कारण मारव्यात पंचम नाही. सा, कोमल रे, शुद्ध ग, तीव्र म, शुद्ध ध, शुद्ध नी. पंचम नाही म्हणून तानपुऱ्याची पहिली तारही पंचमाला लावून चालत नाही, ती निषादाला वगैरे लावतात. म्हणजे गाणाऱ्याची एक कुबडी काढून घेतली. दुसरी कुबडी म्हणजे षड्ज, तर तोही मारव्यात मुद्दाम टाळतात. गायक रे वर थांबतो, ध वर थांबतो, नी वरून सा च्या डोक्यावरून उडी मारून पुन्हा रे वर जातो. सा येईल येईल असं वाटतं आणि येत नाही. बऱ्याच वेळाने येतो तेव्हा अक्षरशः हुश्श होतं. हेच सहा सूर पुरिया आणि सोहनी या रागांतही आहेत, पण तिथे मुक्काम वेगळे, म्हणून त्रास वेगळा. तेच रेझिस्टर, तेच कपॅसिटर आणि सर्किट निराळं, असं समजा.

ईएनटीसीवाल्यांसाठी थोडं गणित, बाकीच्यांनी हा पॅरा सोडला तरी चालेल. सा २४० हर्ट्झ धरा. शुद्ध पंचम येतो ३६० ला. दोनास तीन हे प्रमाण, कान खूश. कोमल रे येतो २५६ ला. तानपुऱ्यावर सा सतत चालू आहे आणि गायकाने कोमल रे धरून ठेवला, तर सेकंदाला १६ बीट्स पडतात. कानाला इतक्या वेगात ते मोजता येत नाहीत, आणि दोन सूर इतके जवळ की त्यांना नीट सुटं करणंही जमत नाही, म्हणून ते खरखरीत लागतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८६३ च्या त्याच्या पुस्तकात बेसूरपणाचं मूळ या बीट्समध्येच शोधलं होतं. भैरवातही कोमल रे आहे, पण तिथे तो आंदोलन घेत षड्जाकडे उतरतो आणि आधाराला पंचमही असतो. मारव्यात रे सरळ उभा राहतो, तोच तर वादी! वर सा आणि तीव्र म यांच्यातलं अंतर म्हणजे पाश्चात्त्यांचा ट्रायटोन. १९७० मध्ये ब्लॅक सॅबथने आपल्या पहिल्याच अल्बमच्या पहिल्याच गाण्यात ते अंतर घेऊन जगाला घाबरवलं आणि तिथून मेटल सुरू झालं असं मानतात.

आता गिटार. डिस्टॉर्शन म्हणजे अॅम्प्लिफायर नॉन-लिनिअर भागात ढकलणं. दोन फ्रिक्वेन्सी आत घातल्या की बेरजा-वजाबाक्याही बाहेर येतात. २४० आणि ३६० घाला, तर १२०, ४८०, ६०० असे नातेवाईकच निघतात, म्हणून साध्या रॉकमधली पॉवर कॉर्ड दणकट आणि गोड लागते. २४० आणि २५६ घाला, तर खाली २२४, वर २७२, आणि असं सोळा-सोळाच्या अंतरावर काटेरी कुंपण उभं राहतं. गॉरगट्ससारखे बँड त्या कुंपणातच घर बांधतात. म्हणजे आबाजींच्या टेपमधून जे टोचायचं आणि माझ्या हेडफोनमधून जे टोचतं ते एकाच जातीचं आहे. हे लक्षात आलं त्या रात्री मी आनंदाने ओरडले आणि अजून एक उशी खाल्ली.

असो. वसंतराव लाहोरहून आले आणि त्यांचं शिक्षण काही संपलं नाही. किराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजारचे अमान अली खाँ, ग्वाल्हेरचे रामकृष्णबुवा वझे, जिथे जे मिळेल ते घेतलं. पण सगळ्यात खोल ठसा मास्टर दीनानाथांचा. दीनानाथ मंगेशकर म्हणजे लताबाईंचे वडील ही आपली ओळख. त्या काळात मात्र ते नाट्यसंगीतातलं वादळ होते. तार सप्तकात झेप, पंजाबी वळणाच्या तिरकस ताना, आणि चाल जिथे जाईल असं वाटतं तिथे न जाणं. दीनानाथ १९४२ मध्ये गेले तेव्हा वसंतराव जेमतेम बावीसचे, माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठे. ते गाणं पुढे कोणाच्या गळ्यात दिसलं असेल तर यांच्याच, हे जाणकार आजही म्हणतात.

अडचण इथेच होती. शास्त्रीय संगीतात घराणं म्हणजे तुमचं सर्टिफिकेट. हे कोणत्या घराण्याचे? धड ग्वाल्हेर नाही, धड किराणा नाही. सरगम भेंडीबाजारची, तान दीनानाथांची, मारवा लाहोरचा! आवाज म्हणाल तर मधासारखा वगैरे मुळीच नाही. बारीकसा, किंचित नाकातला, आणि तान घेताना असा सुटायचा की ती कुठून वळेल आणि समेवर कशी येईल याचा अंदाज लागत नाही. आपलं घराणं आपल्यापासूनच सुरू होतं असं ते म्हणायचे अशी एक गोष्ट सांगतात. मला ती ऐकायला फार आवडते, पण मला वाटतं की ज्याला ती बोलावी लागली असेल त्याला त्याआधी हजार वेळा टोमणा ऐकावा लागला असणार.

माझं मत विचाराल तर त्यांचं गाणं बॅकग्राउंडला लावताच येत नाही. असाइनमेंट लिहिताना मी ते लावून पाहिलं, दोन्ही बिघडलं.

आणि आता तो भाग, ज्याच्यामुळे हा लेख लिहायला घेतला. हा माणूस एवढं सगळं गळ्यात घेऊन पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होता. एक-दोन वर्षं नाही, वीसहून जास्त वर्षं! आई होती, संसार होता, पगार लागत होता. दिवसा फाइली आणि रात्री मैफली. मित्रमंडळी एकसे एक, भीमसेन जोशी काय, पु. ल. देशपांडे काय (आडनाव तेच, पण नातं निव्वळ मैत्रीचं). ज्यांना कळायचं त्यांना माहीत होतं की हा काय चीज आहे. पण पोस्टरवर नाव मोठं व्हायचं ते दुसऱ्यांचं. बरोबरीचे लोक देशभर गाऊन येत होते आणि हे रजेचा अर्ज लिहीत होते.

मला हे वाचताना पोटात गोळा आला. आमच्या घरी माझ्या सेमिस्टरच्या फीसाठी कपाशीचे भाव बघावे लागतात. प्लेसमेंट लागली की पाच वर्षं नोकरी कर, मग तुला काय करायचं ते कर, हे बाबांनी मला सांगितलंय आणि त्यात चूक काहीच नाही. मला कुठे गायक व्हायचंय? मला साऊंडमध्ये काम करायचंय, रेकॉर्डिंग, अकूस्टिक्स, असलं काहीतरी, ज्याची कंपनी आपल्या कॅम्पसला येत नाही. पण पाचाची वीस वर्षं कशी होतात हे वसंतरावांच्या चरित्रात स्पष्ट दिसतं. कोणीही दुष्टपणा केलेला नसतो. दर महिन्याची एक तारीख येते, एवढंच.

१९६० च्या दशकात बदली झाली, ती थेट नेफात. नेफा म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश. नागपूर-पुण्याचा माणूस, ऐकायला कोणी नाही, साथीला तबला नाही, आजूबाजूला डोंगर आणि पाऊस. तिथे त्यांनी काय केलं असेल? मला राहून राहून वाटतं की मारवा गायला असेल. पण हे माझं मत, पुरावा नाही. शेवटी त्यांनी नोकरी सोडली. पु. लं. सारखे मित्र तर कधीपासून मागेच लागले होते की बाबा रे, तू गा. तेव्हा वसंतराव पंचेचाळिशीच्या आसपास होते. या वयात आपल्याकडचे लोक फ्लॅटचं लोन फेडत असतात.

आणि मग २४ डिसेंबर १९६७. ‘कट्यार काळजात घुसली’चा पहिला प्रयोग. लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर, म्हणजे पुन्हा नागपूर! संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं, संस्था प्रभाकर पणशीकरांची नाट्यसंपदा. आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले म्हणून रंगमंचावर आले वसंतराव, वय सत्तेचाळीस.

नाटकाची गंमत अशी की त्यात दोन गाणी भांडतात. पंडितजींचं शांत, सात्त्विक गाणं आणि खाँसाहेबांचं आक्रमक, चमत्कृतीचं गाणं. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन्ही ढंगांत गायलं जातं, एकदा हळुवार आणि एकदा तानांचा भडिमार करत. खरं तर गोष्टीप्रमाणे प्रेक्षकांनी पंडितजींच्या बाजूने असायला हवं. पण वसंतराव असे गायचे की लोक खाँसाहेबांच्या प्रेमात पडले! वीस वर्षं ज्या गाण्याला तिरकस, विक्षिप्त, कुठल्याच चौकटीत न बसणारं म्हटलं गेलं, तेच गाणं तिकीट काढून ऐकायला महाराष्ट्रभर रांगा लागल्या. गाणं तेच होतं. फक्त आता त्याला एक अहंकारी, दुखावलेला, जिंकण्यासाठी जळणारा माणूस मिळाला होता, आणि त्या माणसाच्या तोंडी ती खरखर लोकांना कळली.

मला वाटतं मेटलचंही हेच आहे. नुसता आवाज ऐकला तर मिक्सर. पण त्यामागे कोणीतरी दिसायला लागलं की चित्र बदलतं. फ्लोरिडाच्या ‘डेथ’ बँडचा चक शुल्डिनर १९८७ मध्ये पहिल्या अल्बमवर नुसती रक्त-मुडद्यांची गाणी म्हणत होता. १९९८ च्या शेवटच्या अल्बमपर्यंत तो इतकं गुंतागुंतीचं आणि इतकं माणसाचं लिहायला लागला होता की ऐकून गप्प बसायला होतं. २००१ मध्ये मेंदूच्या ट्यूमरने तो गेला, वय चौतीस. वसंतरावांना चौतिसाव्या वर्षी विचारलं असतं तर ते हिशेबाच्या टेबलावर होते.

‘कट्यार’नंतरची वर्षं भरभरून गेली. मैफली, ध्वनिमुद्रिका, शिष्य. कल्याणातून पंचम काढून टाकलेला राजकल्याण त्यांनी असा गायला की तो त्यांच्याच नावावर जमा झाला. पंचमाशी या माणसाचं काय वैर होतं कोण जाणे! गोडही गायले हं. श्रीनिवास खळ्यांच्या चालीवरचं ‘बगळ्यांची माळ फुले’ ऐकून पाहा, हाच तो मारवावाला यावर विश्वास बसत नाही. ‘अष्टविनायक’ (१९७९) मध्ये मुलीची पाठवणी करणाऱ्या बापाच्या भूमिकेत ते पडद्यावर आहेत आणि ‘दाटून कंठ येतो’ हे त्यांचंच. आमच्या भागात एकही लग्न त्या गाण्याशिवाय उरकत नाही. डीजेवाला सैराट बंद करतो, हे लावतो, सगळ्या मावश्या रडतात, आणि गाणारा कोण हे कोणाला माहीत नसतं.

३० जुलै १९८३ रोजी वसंतराव गेले. त्रेसष्ट वर्षांचं आयुष्य, त्यातली पूर्णवेळ गाण्याची अठरा-एक. नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये त्यांच्या नावाचं मोठं सभागृह आहे. मागच्या वर्षी एका टेक्निकल फेस्टसाठी आम्ही तिथून ऑटोने गेलो. मी बोर्ड दाखवला तर सोबतच्या मुलांना वाटलं की ते कोणी मंत्री असतील.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आबाजींना कानाचं मशीन लागलं होतं. डिजिटल, चांगलं महागडं. त्यावर त्यांनी मारवा लावला आणि दोन मिनिटांत बंद केला. तानपुरा भुतासारखा थरथरतो म्हणाले, षड्ज हलतो. सगळ्यांना वाटलं म्हातारपण. मला मात्र कारण माहीत होतं. या मशीनमध्ये शिट्टी म्हणजे फीडबॅक मारणारं सर्किट असतं. एकच सूर बराच वेळ टिकला की त्याला ती शिट्टी वाटते आणि ते त्या सुराला खोडायला बघतं. बोलण्यासाठी ठीक, पण तानपुरा म्हणजे तर नुसता टिकलेला सूर. भाषेसाठी केलेलं मशीन गाण्याला आजार समजत होतं.

डॉक्टरकडे नेऊन सेटिंग बदलून घ्यायचं ठरलं, पण दिवाळीत दवाखाना बंद. मग आम्ही मशीन काढून ठेवलं, टेपचा स्पीकर उजव्या कानाला जवळजवळ चिकटवला आणि आवाज पूर्ण वाढवला. धाब्यावर, दिवेलागणीला. जुना स्पीकर फाटायला लागला, त्यात वसंतरावांचा रे आणि ते सगळं डिस्टॉर्शन. खाली आजीने भांडं आपटलं. आबाजी डोळे मिटून होते, एक बोट वर धरून. सा आला तेव्हा ते बोट खाली आलं.

मग त्यांनी माझ्या फोनकडे बोट दाखवलं, की आता तुझं लाव. मी ‘ऑब्स्क्युरा’ लावला. ते तीन मिनिटं ऐकत राहिले आणि मग त्यांनी एवढंच विचारलं की यात षड्ज कुठे आहे. मला सांगता आलं नाही. आम्ही परत पहिल्यापासून लावलं.